जुलैत रिकामी दिसणारी बाग

मेरीलँड राज्यातील जर्मनटाऊन येथे आमच्या घरामागे सुमारे 600 चौरस फुटांचा एक तुकडा आहे, ज्यावर दोन जुने व्हाइट ओक आणि एक रेड मेपल उभे आहेत. या तुकड्यात गवत वाढावे म्हणून आम्ही सलग तीन वर्षे दर सप्टेंबरमध्ये बी पेरून घेतले, दर वेळी 300 डॉलरच्या आसपास खर्च केला आणि दर ऑगस्टमध्ये तेथे पुन्हा उघडी, भेगाळलेली माती पाहिली. चौथ्या वर्षी मी गवताचा नाद सोडला आणि त्या जागी अमेरिकेच्या पूर्व भागातील जंगलात आपोआप उगवणारी वसंतातील बहुवर्षायू फुलझाडे लावली. या कामाला साडेतीन वर्षे लागली. त्यांपैकी बराच काळ मातीत न जाता कागदपत्रांत गेला. आपल्यापैकी अनेकांची घरे इकडे अशाच झाडांखाली आणि अशाच गृहसंस्थांत आहेत, म्हणून हा क्रम जसा घडला तसा लिहीत आहे.

सुरुवात एप्रिल 2021 मध्ये झाली. पोटोमॅक नदीच्या काठाने जाणाऱ्या जुन्या सी अँड ओ कालव्याच्या वाटेवर आम्ही फिरायला गेलो होतो. झाडांना अजून पालवी फुटलेली नव्हती आणि त्या उघड्या बुंध्यांखाली व्हर्जिनिया ब्लूबेलच्या निळ्या फुलांचा पट्टा लांबवर पसरला होता. तीन आठवड्यांनी मैत्रिणीला तीच जागा दाखवायला नेले, तेव्हा निळा रंग संपला होता आणि वर पानांचे छत धरू लागले होते. या वनस्पतींचे सगळे गणित त्या मधल्या काळावर बेतलेले आहे. बर्फ वितळल्यापासून ओकला पाने येईपर्यंत जमिनीवर जे पाच-सहा आठवडे ऊन पोचते, त्यात त्या उगवतात, फुलतात आणि वर्षभराचे अन्न कंदात साठवतात. जून सरेपर्यंत बहुतेकांची पाने पिवळी पडून दिसेनाशी होतात आणि पुढचा फेब्रुवारी सरेपर्यंत त्या केवळ मातीखाली असतात. त्यामुळे पानगळीच्या झाडांखालची सावली त्यांना चालते, पण पाइन किंवा हॉली अशा सदाहरित झाडांखालची, अथवा घराच्या उत्तर भिंतीची कायमची सावली चालत नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी बारा वाजता जागेवर ऊन पडते का, एवढे पाहून ठेवले तरी पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

आमच्या गृहसंस्थेत, म्हणजे होमओनर्स असोसिएशनमध्ये, घराबाहेरचा कोणताही बदल आधी स्थापत्य समितीकडून मंजूर करून घ्यावा लागतो. नोव्हेंबर 2021 मध्ये मी अर्ज भरला. त्याला प्लॉटच्या मोजणी नकाशाची प्रत, हाताने काढलेला आराखडा, झाडांची नावे आणि पूर्ण वाढीची उंची, जागेची चार छायाचित्रे आणि दोन्ही शेजाऱ्यांच्या सह्या जोडाव्या लागल्या. शुल्क 25 डॉलर होते. समितीची बैठक महिन्यातून एकदाच होते आणि अर्ज दहा दिवस आधी पोचला नाही तर तो पुढच्या महिन्यावर जातो, हे मला अर्ज पुढच्या महिन्यावर गेल्यावर कळले. डिसेंबरच्या बैठकीनंतर उत्तर आले की मागील अंगणात हिरवळ असणे आवश्यक असल्यामुळे अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.

येथे मला एका कायद्याचा उपयोग झाला. मेरीलँडच्या विधिमंडळाने 2021 मध्ये हाउस बिल 322 संमत केले आणि ते त्याच वर्षी 1 ऑक्टोबरपासून लागू झाले. पाणी आणि रसायने कमी लागणाऱ्या, परागीकरण करणाऱ्या कीटकांना उपयोगी पडणाऱ्या बागांवर गृहसंस्थांना अवाजवी बंधने घालता येत नाहीत आणि अशा बागेऐवजी गवतच लावण्याची सक्ती करता येत नाही, असा त्याचा आशय आहे. सुशोभनाचे वाजवी नियम मात्र संस्था करू शकते आणि मालकाने बागेची निगा राखणे अपेक्षित असते. मी कायद्याची प्रत जोडून, आवाज न चढवता, एक पानाचे पत्र लिहिले. पुन्हा 25 डॉलर भरले. फेब्रुवारी 2022 च्या दुसऱ्या आठवड्यात मंजुरीचे पत्र हाती आले, ज्यात ‘आराखड्याबाहेर लागवड केल्यास सुधारित अर्ज करावा’ असे एक वाक्य ठळक अक्षरांत होते. हे वाक्य लक्षात असू द्यावे.

मार्चमध्ये 811 या क्रमांकावर फोन केला. जमीन खणण्यापूर्वी भूमिगत वाहिन्यांच्या खुणा करून देणारी ही सेवा विनामूल्य आहे आणि त्यासाठी कामाचे पूर्ण दोन दिवस थांबावे लागते. आपण हाताने खणणार असलो तरी हा फोन करावा, असे मी आता सर्वांना सांगते. खुणा करणारा माणूस सकाळी येऊन झेंड्या रोवून गेला तेव्हा पिवळी म्हणजे गॅसची झेंडी कुंपणापाशी निघाली, पण नारिंगी, म्हणजे इंटरनेटच्या केबलच्या झेंड्या माझ्या आराखड्याच्या बरोबर मधोमध एका रांगेत उभ्या राहिल्या. ती केबल जेमतेम चार इंच खोल होती. मी त्या पट्ट्यात खुरप्याखेरीज काहीही न वापरण्याचे ठरवले आणि आराखडा तसाच ठेवला.

त्याच महिन्याच्या अखेरीस मी एक मोठी चूक केली. ओकच्या बुंध्याशी हृदयाच्या आकाराच्या तुकतुकीत पानांची एक दाट गादी आपोआप उगवली आणि त्यावर चकचकीत पिवळी फुले आली. जंगलातला वसंत स्वतःहून चालत आला, अशा समजुतीने मी तिच्याभोवती दगड रचले आणि कोरडे पडले तेव्हा पाणीही घातले. ती लेसर सेलँडाइन होती. युरोपातून आलेली ही वनस्पती येथील नदीकाठची जंगले व्यापून स्थानिक वसंतफुलांना जागाच उरू देत नाही, आणि मी तिला तीन आठवडे सांभाळले होते. तिच्या मुळांना बोटांच्या पेरांसारखे बारीक गड्डे असतात आणि पानांच्या बेचक्यांत कणाएवढ्या कळ्या धरतात. यांतले काहीही मातीत राहिले तर पुढच्या वर्षी तेथे नवे रोप तयार होते. मी स्वयंपाकघरातला जुना डाव घेऊन पाच शनिवार ती माती उपसली आणि निघालेले सर्व काही कंपोस्टमध्ये न टाकता बंद पिशवीतून कचऱ्यात दिले. उन्हाळाभर इंग्लिश आयव्हीचे वेल उपटण्याचे कामही चालूच होते. त्या वर्षी एकही झाड लागले नाही.

सप्टेंबरमध्ये मातीची चाचणी केली. मेरीलँड विद्यापीठाची विस्तारसेवा, म्हणजे शेती-बागांविषयी सल्ला देणारा विभाग, स्वतः माती तपासत नाही, पण कोणत्या प्रयोगशाळा तपासतात ते सांगते. मी डेलावेअर विद्यापीठाकडे नमुना पाठवला, सुमारे 20 डॉलर खर्च आला आणि दोन आठवड्यांत अहवाल मिळाला. सामू 5.4 होता, म्हणजे माती आम्लधर्मी होती, परंतु माझ्या यादीतील बहुतेक झाडांना ते चालण्यासारखे असल्यामुळे चुना घातला नाही. त्याऐवजी शेजाऱ्यांनी रस्त्याकडेला ठेवलेल्या पानांच्या कागदी पिशव्या मी मागून आणल्या. ओकची पाने जाड असतात आणि मेपलची पाने ओली झाली की एकमेकांना चिकटून पत्र्यासारखा थर होतो, म्हणून ती गवतकापणीच्या यंत्राखाली बारीक करून मगच दोन इंचांचा थर पसरला. त्याहून जाड थर किंवा वरून विकतची माती झाडाच्या मुळांवर घालू नये. मेपलची मुळे अगदी वर असतात आणि ती गुदमरतात.

लागवडीचा हंगाम शरद ऋतू हाच आहे. वसंतात फुलणाऱ्या झाडाची खरेदी वसंतातच करण्याचा मोह होतो, मात्र तेव्हा ती महाग असतात आणि कुंडीतून काढल्यावर लगेच झोपी जातात. ऑक्टोबर 2022 मध्ये मी वसंतफुलांपैकी ब्लडरूटचे 10 कंद 60 डॉलरना, ब्लूबेलची 15 मुळे तेवढ्यालाच, ट्राउट लिलीचे 20 कंद 40 ला आणि डचमन्स ब्रीचेसचे 10 झुबके 35 ला घेतले. ब्लडरूटचा कंद हातात घेतल्यावर मला आमच्या परसातले ओले हळकुंड आठवले. फरक एवढाच की हे मोडले तर आतून लालभडक नारिंगी रस येतो. तो विषारी असून कातडीला झोंबतो, म्हणून हातमोजे घालावेत. हा कंद आडवा, इंचभर खोल ठेवायचा. ब्लूबेलची काळसर मुळे वाळक्या मुळ्यासारखी दिसतात, त्यांचे डोके वर ठेवायचे. सगळी लागवड केल्यावर वरून कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी जाळी अंथरून कडेने दगड ठेवले, कारण खारी ताज्या खणलेल्या मातीवर नजर ठेवून असतात. जाळीचे 45 डॉलर त्या सगळ्या खर्चात सर्वांत सार्थकी लागले.

ट्रिलियम या वसंतफुलाच्या बाबतीत मात्र मी फसले. एका संकेतस्थळावर 30 डॉलरना 12 कंद मिळाले, जे आले तेव्हा कोरडे आणि दोन ठिकाणी मोडलेले होते. बियांपासून ट्रिलियमला पहिले फूल यायला पाच ते सात वर्षे, कधी त्याहूनही अधिक लागतात, कारण बीज पहिल्या हिवाळ्यानंतर फक्त मूळ सोडते आणि पान दुसऱ्या हिवाळ्यानंतर दाखवते. एवढे पोसलेले झाड अडीच डॉलरना विकणे कोणालाच परवडणार नाही. ते बहुधा कुठल्या तरी जंगलातून उपटलेले असते, हे गणित मला पैसे देण्याआधी सुचायला हवे होते. विक्रेत्याने ‘नर्सरीत वाढवलेले’ असे लिहिले असले तरी जंगलातून आणून वर्षभर वाफ्यात ठेवलेले झाडही त्या वर्णनात बसते. म्हणून ‘बियांपासून किंवा विभाजनाने नर्सरीतच तयार केलेले आहे का’ असा प्रश्न स्पष्टपणे विचारावा. त्या 12 पैकी तीन उगवले.

मार्च 2023 मध्ये मी रोज सकाळी ऑफिसची पहिली बैठक सुरू होण्याआधी मागे जाऊन खाली वाकून पाहत असे. 24 मार्चला पाचोळ्यातून करड्या-हिरव्या रंगाची एक गुंडाळी वर आली. ब्लडरूटचे पान कळीला शालीसारखे लपेटून वर येते, फूल त्यातून मान बाहेर काढून उमलते आणि पान नंतर सावकाश उलगडते. 28 तारखेला पहिले पांढरे फूल उमलले आणि त्याच आठवड्यात वाऱ्यापावसाने त्याच्या पाकळ्या पडल्या. पाच महिन्यांची वाट आणि चार दिवसांचे फूल, हा हिशेब पहिल्या वर्षी जिवाला लागतो. ब्लूबेलने केवळ पाने दाखवली. ट्राउट लिलीची चट्ट्यापट्ट्यांची एकेक पाने उगवली; एकच पान असलेले रोप त्या वर्षी फुलत नाही, दोन पाने लागतात. तीन ट्रिलियमपैकी एक हरणाने देठापासून खाल्ले. ट्रिलियमला वर दिसणारी तीन पाने एवढीच त्या वर्षाची कमाई असते आणि ती गेली की त्या हंगामात दुसरी येत नाहीत, म्हणून कंद उपाशी राहतो. उरलेल्या दोघांना मी तारेचे पिंजरे केले आणि मे महिन्यात एका स्थानिक वनस्पतींच्या विक्रीमेळ्यातून नर्सरीतच तयार झालेली पाच रोपे प्रत्येकी 18 डॉलरना आणून तीही पिंजऱ्यात लावली.

खरी परीक्षा जुलैत आली. संस्थेच्या वार्षिक पाहणीनंतर पत्र आले की मागील अंगणात उघडी जमीन व वाळलेला पाचोळा आढळला असून, पंधरा दिवसांत ती आच्छादित न केल्यास 50 डॉलर दंड आकारण्यात येईल. पत्रासोबतच्या छायाचित्रात खरोखरच माती आणि पाचोळ्याखेरीज काही नव्हते. मला राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटले ते या गोष्टीचे की छायाचित्र खोटे नव्हते. मी लेखी मुदतवाढ मागितली, जी मिळते, आणि ऑगस्टच्या बैठकीला स्वतः गेले. जाताना मार्च, एप्रिल, मे आणि जुलै या महिन्यांत एकाच जागी उभे राहून काढलेली, तारीख असलेली छायाचित्रे छापून नेली. समितीतील एका वृद्ध गृहस्थांनी ती बराच वेळ पाहिली आणि विचारले की आता या क्षणी ती झाडे कुठे आहेत. तीन इंच खाली आहेत, असे मी सांगितले. त्यांना हे पटले असावे, परंतु पाहणी करणाऱ्याला खालचे दिसत नाही, हे त्यांचे म्हणणे मलाही पटले.

त्यातून मार्ग निघाला तो असा. झोपणाऱ्या झाडांच्या मधल्या जागांत, त्यांच्यावर नव्हे, उन्हाळाभर हिरवी राहणारी सावलीतली झाडे लावायची: हिवाळ्यातही हिरवे राहणारे ख्रिसमस फर्न, जमिनीलगत पसरणारे वाइल्ड जिंजर, फोमफ्लॉवर आणि गवतासारखे दिसणारे पेनसिल्व्हेनिया सेज. या झाडांना साधारण 140 डॉलर लागले. आराखडा सुधारून दिला, या वेळी शुल्क मागितले गेले नाही, आणि सप्टेंबर 2023 मध्ये मंजुरी आली. आता वाटते की समितीच्या त्या पत्रामुळे बाग सुधारली, कारण नुसत्या वसंतफुलांची बाग जंगलातही कुठे नसते. तेथे फर्न असतातच. पण त्या वेळी असे वाटले नव्हते. कोणी सुरुवात करणार असेल तर दोन्ही प्रकारची झाडे पहिल्याच अर्जात लिहावीत.

नवी झाडे आणण्याआधी मी मातीत जंपिंग वर्म नावाची आशियाई गांडुळे आहेत का ते तपासले. आपल्याकडे गांडूळ म्हटले की शेतकऱ्याचा मित्र, हेच शाळेत शिकलो; येथील जंगलात ही जात पाचोळ्याचा थर इतक्या वेगाने फस्त करते की वरची माती कॉफीच्या चोथ्यासारखी रवाळ होते आणि वसंतफुलांना आधारच उरत नाही. चाचणी सोपी आहे. एक गॅलन पाण्यात एक तृतीयांश कप मोहरीची पूड कालवून ते पाणी थोड्या जागेवर ओतावे. गांडुळे चुरचुरल्यामुळे वर येतात आणि झाडांना इजा होत नाही. मोहरी इंडियन स्टोअरमधून आणून मिक्सरमध्ये वाटली, तेव्हा घरात लोणच्याचा वास सुटला आणि मुलाने आज काय बेत आहे म्हणून विचारले. दोन गांडुळे वर आली. गळ्याशी पांढरट, गुळगुळीत, पूर्ण गोल पट्टा असेल तर ते जंपिंग वर्म; यांचा पट्टा फुगीर, गुलाबी आणि अर्धवट होता. तरीही तेव्हापासून कोणीही दिलेले रोप मी मुळे धुतल्याशिवाय लावत नाही.

एप्रिल 2024 मध्ये ब्लूबेल फुलले. कळ्या गुलाबी असतात आणि उमलताना निळ्या होतात, त्यामुळे एकाच झुबक्यात दोन्ही रंग दिसतात. डचमन्स ब्रीचेसवर, ज्याची फुले दोरीवर उलट्या वाळत घातलेल्या पांढऱ्या विजारींसारखी दिसतात, बंबलबी ही मोठी केसाळ माशी लोंबकळून आत तोंड घालत होती. हे सगळे आईने पाहावे अशी माझी फार इच्छा होती, परंतु तिच्या व्हिसाची मुलाखत आणि नंतर तिकिटे यांत वेळ गेला आणि ती पोचली 26 मे रोजी. ब्लूबेल तोवर पिवळे पडून आडवे झाले होते. मी ओशाळून तिला ते दाखवले. ती म्हणाली, “अगं, यात काय एवढं? आपल्याकडे भुईचाफा असाच नाही का? पान नाही, काही नाही, उन्हाळ्यात भुईतून नुसतं फूल वर येतं. पावसात पानं, आणि थंडीत सगळं गायब. जागा विसरून कोणी खणू नये म्हणून आजी दगड ठेवायची.” दुसऱ्या दिवशी तिने कुंपणाजवळचे गोटे गोळा करून, मी दाखवीन त्या प्रत्येक कंदाभोवती गोल मांडले. नावाच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरची शाई दोन हिवाळ्यांत उडून गेली होती. ते गोटे अजून जागेवर आहेत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ब्लडरूटच्या शेंगा पानांखाली तडकल्या. आई सकाळचा चहा घेऊन बुटक्या खुर्चीवर तेथे बसत असे आणि तिनेच मला ते पहिल्यांदा दाखवले. तपकिरी, चकचकीत बीला एका बाजूने पांढरी मऊ शेंडी असते, ती शेंडी स्निग्ध असल्यामुळे मुंग्यांना हवी असते आणि त्यासाठी त्या सगळे बीच ओढून वारुळात नेतात. शेंडी खाऊन झाली की उरलेले बी वारुळाच्या कचऱ्यात टाकतात, जेथे ते रुजते. ट्रिलियम आणि डचमन्स ब्रीचेस यांचाही संसार असाच पसरतो. आमच्यासमोर एक मुंगी तिच्याएवढ्या आकाराचे बी घेऊन गोट्यावर चढली, घसरून पडली, पुन्हा चढली आणि पलीकडे उतरली. आईचा चहा निवला.

आतापर्यंत सुमारे 570 डॉलर खर्च झाले आहेत आणि पाणी फक्त पहिल्या दोन शरदांत घालावे लागले. मे 2024 मध्ये एकाही ट्रिलियमला फूल नव्हते. 22 एप्रिल 2025 रोजी मेळ्यातून आणलेल्या पाचांपैकी एकाला आले, तीन पांढऱ्या पाकळ्यांचे, पिंजऱ्याच्या तारांतून अर्धवट दिसणारे. त्याच दिवशी आईला व्हिडिओवर ते दाखवत असताना माझे लक्ष गोट्यांच्या वर्तुळाबाहेर गेले. ब्लडरूटची अंगठ्याच्या नखाएवढी सात पाने उगवली होती: तीन फर्नच्या पलीकडे, दोन केबलच्या पट्ट्यात आणि दोन मंजूर आराखड्यात ‘हिरवळ’ असे लिहिलेल्या भागात. यासाठी सुधारित अर्ज करावा लागतो का, हे मी समितीला अद्याप विचारलेले नाही.